सासऱ्यांची कवटी

माझे सासरे मरणार ही बातमी माझ्या सासुरवाडीत, इंझोरीत, मी पसरवली. स्वतः सासऱ्यांची मात्र तशी काहीच तयारी नव्हती.

झालं असं, की मला माणसाचा चेहरा काढायला शिकायचं होतं. (चित्रकलेचा मास्तर असून येत नव्हता, हे मानोऱ्यात, माझ्या शाळेत, कोणाला सांगू नका!) पुस्तकात लिहिलं होतं, आधी कातडीखालची हाडं ओळखा. आमच्या मामाजींइतकी, म्हणजे सासऱ्यांइतकी, उघडी हाडं अख्ख्या जिल्ह्यात कोणाची नाहीत! दिवाळीला सासुरवाडीला गेलो आणि ते जेवत असतानाच त्यांचे गाल, कपाळ चाचपून वहीत चित्र काढायला लागलो.

"काय पाहून राह्यले, जवाईबापू?"

"कवटी, मामाजी! मस्त आहे! तुमचं मोठं चित्र काढतो, फ्रेम करून भिंतीवर लावू."

मामाजींचा घास हातातच राहिला. त्या घरात माणसाची फ्रेम भिंतीवर चढते ती थेट तेरवीला, मेल्यावर तेराव्या दिवशी, हारासकट! त्यात दोनच दिवसांपूर्वी त्यांच्या छातीचा रिपोर्ट वाशिमहून मीच आणला होता. रिपोर्ट चांगला होता, पण आता ऐकतो कोण?

"खरं सांगा," मामाजींनी ताट बाजूला सरकवलं, "डॉक्टरनं किती दिवस सांगतले?"

"काहीच नाही हो!"

"काहीच नाही? म्हंजे आजच?"

सासूबाईंनी तोंडाला पदर लावला. माझी बायको सुनंदा चुलीपासून धावत आली. "माह्या बाबाले काहून भेव दाखवलं तुमी?" बातमी गावभर झाली आणि मेहुणा वावरातून विळ्यासकट आला. (मी विळ्याकडेच बघत होतो.) मामाजी घामाघूम होऊन बाजेवर आडवे झाले. आता मात्र मी खरंच घाबरलो. रिपोर्टमध्ये नसलेलं या धसक्यानं झालं तर? माझ्या हौसेपायी धडधाकट माणूस जाणार!

"दाखवा तो फोटो!" मेहुण्यानं वही ओढून आईच्या हातात दिली.

सासूबाईंनी डोळे पुसले. वही जवळ धरली, लांब धरली, उलटी धरली.

"सुनंदे, कोन हाय वं हा?"

"मले नाही माईत, माय."

सासूबाईंनी मोठा श्वास सोडला. "उठा हो! मरनारा दुसराच कोनी हाय!"

मामाजी उठून बसले, त्यांनी चित्र नीट न्याहाळलं आणि दुसरी भाकर मागितली.

तेव्हापासून इंझोरीतली म्हातारी माणसं हौसेनं माझ्यासमोर बसतात. चित्र जुळलं नाही की निर्धास्त होऊन घरी जातात. आजवर एकालाही काळजी घेऊन परतावं लागलेलं नाही!