डावीकडची सळसळ

पंपहाऊसमध्ये त्यांना सगळे ‘डॉक्टर’ म्हणत. शिक्षण फिटरचं, पण लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक चालत्या पंपाला टेकवायचं, मूठ डाव्या कानाला लावायची, डोळे मिटायचे आणि सांगायचं, "मागचं बेअरिंग. महिनाभर काढेल." आणि ते बरोबर महिनाभरच काढायचं! गावाला पाणी देणारे सहाही पंप तीस वर्षं त्या कानाच्या भरवशावर चालले. बायको दवाखान्यात नर्स. ती चिडवायची, "घरात खरी नर्स आणि खोटा डॉक्टर. पेशंट लोखंडाचे म्हणून निभावतंय, तक्रार करत नाहीत बिचारे."

अशा माणसाला गाण्यात काय आवडावं? तर गाणारा गळाच नको! डॉक्टरांना इलेक्ट्रॉनिक संगीताचं वेड. शब्द नाहीत, रडारड नाही. खाली घुमणारा ठेका आणि वर हळूहळू चढत जाणारे बारीक आवाज. दुपारी दोनला ड्यूटी सुटली की घरी येऊन तास दोन तास ऐकायचं, हे त्यांचं सुख. अडचण एवढीच, की बायकोला रात्रपाळी आणि तीही दुपारीच झोपायची. जुने हेडफोन जाळीचे, निम्मा आवाज खोलीभर. "तुमची धडधड माझ्या उशीत येते," ती म्हणाली. "एक तर मागून बंद असलेले हेडफोन आणा, नाहीतर मला दुसरं घर बघून द्या." हल्ली जेवणाच्या टेबलावरची जागाही तिने बदलली होती. तिकडे ऊन लागतं म्हणे.

हेडफोन आणायला डॉक्टर तयारच होते. पण महिनाभर एक गोष्ट त्यांना खात होती, तिचं काय? चार नंबरच्या पंपाला त्यांनी कान लावला होता, ‘ठणठणीत’ म्हणून वहीत सही केली होती, आणि आठव्या दिवशी बेअरिंग जाम झालं. मोटर आणि पंप जोडणारं कपलिंग तुटलं. त्याच्यावरची लोखंडी जाळी उडाली ती इलेक्ट्रिशियनच्या कानशिलाजवळून जाऊन भिंतीवर आदळली. चार बोटांचं अंतर! "ग्रीसच खराब होतं," डॉक्टर म्हणाले. डॉक्टरांच्या शब्दापुढे कोण बोलणार? बोलणी बसली ती ग्रीस देणाऱ्या स्टोअरकीपरला. आता नवं बेअरिंग बसलं होतं आणि उद्या सकाळी चार नंबर पुन्हा सुरू व्हायचा होता. ऐकून सही करायची होती डॉक्टरांनीच.

दुकानातली मुलगी मोठी बोलकी. "काका, तुम्ही इलेक्ट्रॉनिक ऐकता? भारीच की!" तिने बंद हेडफोनच्या पाच जोड्या समोर मांडल्या. कुठल्याचा खर्ज दणकट, कुठल्याची गादी मऊ, कुठला चष्म्याच्या काडीवर दाबतो, सगळं सांगितलं. डॉक्टरांनी हो हो केलं आणि फोनवर आपलं ठरलेलं वाजवलं. त्यात तिसऱ्या मिनिटाला डावीकडून सळसळ सुरू होते, चाळणीतून वाळू चाळल्यासारखी, आणि डोक्यावरून सरकत उजवीकडे जाते. सुकत चाललेलं बेअरिंग अगदी सुरुवातीला असाच आवाज करतं. म्हणून तर ती जागा त्यांच्या एवढी आवडीची.

पहिली जोडी. ठेका झकास, छातीत बसणारा. तिसरं मिनिट आलं. डावीकडे काही नाही. मग सळसळ एकदम उजवीकडेच उगवली.

"याची डावी बाजू गेलीय," डॉक्टर म्हणाले.

दुसरी जोडी, तेच. तिसरी चांगली महागातली, तरी तेच. "काय गं, असला कसला माल ठेवता? सगळ्यांची डावीच बाजू कशी मरते?" ते जोरात बोलले, आणि आपण काय बोललो ते त्यांचं त्यांनाच ऐकू गेलं.

मुलीने ती जोडी स्वतःच्या कानांना लावली. "येतंय की काका! वाळूसारखं ना? डावीकडून. किती छान आहे!"

डॉक्टरांनी डाव्या कानात करंगळी फिरवली.

"असं करा ना," ती सहज म्हणाली, "उलटे घालून बघा. हेडफोनमध्ये दोष असेल तर तो बाजू बदलेल."

आता हा धडा डॉक्टरांना कोणी शिकवावा? पंपहाऊसमध्ये आलेल्या प्रत्येकाला तो त्यांनीच शिकवला होता. संशय आला की अदलाबदल करा. दोष वस्तूबरोबर गेला तर वस्तू खराब. जागचा हलला नाही, तर दुखणं दुसरीकडे.

"काही गरज नाही," ते म्हणाले. "हेच बांधून दे."

"पण याची डावी बाजू गेलीय म्हणालात ना..."

"दे म्हटलं ना!"

मुलीने खोकं पुढे सरकवलं. डॉक्टर पैसे देऊन निघाले.

घरी बायको निजली होती. खोक्यावर हात ठेवून ते खुर्चीत बसून राहिले, अर्धा तास, पाऊण तास. कुणाला हसू येईल. तीन फूट व्यासाच्या पाइपांशी झटणारा माणूस, आणि एका हेडफोनपुढे त्याची पाचावर धारण बसावी! पण बसली होती खरी. शेवटी त्यांनी हेडफोन घातले. उलटे.

देवा, माल खराब निघू दे. आयुष्यात पहिल्यांदाच कोणी आपल्याला फसवलेलं असावं असं त्यांना मनापासून वाटलं. पहिलं मिनिट गेलं. दुसरं गेलं. तिसऱ्याला उजव्या कानात सळसळ उठली, एकेक कण मोजावा इतकी स्वच्छ. डोक्यावरून सरकत निघाली आणि डावीकडे पोचलीच नाही.

त्यांनी हेडफोन काढले तेव्हा बायको उजव्या हाताला उभी होती.

"आवाज बाहेर आला का?" त्यांनी विचारलं.

"नाही. पाणी प्यायला उठले." तिची नजर हेडफोनवर होती. "उलटे घातले होते तुम्ही."

"या बाजूला ये. डावीकडे. हळू काहीतरी बोल."

ती हलली नाही. "कशाला? सहा महिने मी तुमच्या उजवीकडूनच चालतेय. टेबलावर काही ऊनबीन लागत नव्हतं."

"मग बोलली का नाहीस?"

"दोनदा बोलले, कान तपासून घेऊ म्हणून. दोन्ही वेळा भरल्या ताटावरून उठलात. तुम्ही भ्याला होतात अहो. मीही भ्याले." ती शेजारी टेकली, त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवून. "त्या चार नंबरचं ऐकलं तेव्हा तर पहिली शंका तीच आली. म्हटलं, यांच्या कानामुळे तर नाही ना? बाई गं! पण ग्रीसच खराब निघालं, आणि माझा जीव भांड्यात पडला."

डॉक्टरांनी तिच्याकडे बघितलं. मग त्यांनी फोन उचलला आणि इलेक्ट्रिशियनला लावला. सवयीने डाव्या कानाशी नेला, तिथून उजवीकडे घेतला.

"अरे, उद्या चार नंबर माझ्या सहीवर सुरू करू नका. कंपन मोजायचं यंत्र मागवा."

"तुमचा कान असताना यंत्र कशाला डॉक्टर?" तो हसला.

"ऐक माझं. आणि मोजून होईपर्यंत जाळीसमोर उभा राहू नकोस." गुडघ्यावरचा बायकोचा हात थबकला. डॉक्टरांनी डोळे मिटले. "ग्रीस चांगलं होतं रे. स्टोअरकीपरची काही चूक नव्हती. मला ऐकूच आलं नव्हतं."

पलीकडून उत्तर आलं नाही. डॉक्टरांनी फोन घट्ट दाबून धरला. त्याचा श्वास ऐकू येत होता, त्याच्या मागे पाच पंपांची घरघर ऐकू येत होती. हा कान चांगला होता. म्हणजे तो खरंच काही बोलत नव्हता.