हेल्मेटात राम राम ऐकू येत नाही

मी ढोरांचा डॉक्टर. सरकारी कागदावर पशुधन पर्यवेक्षक असं लांबलचक लिहिलेलं आहे, पण अड्याळपासून आसगावपर्यंतच्या रस्त्यावर ते वाचायला कोणी जात नाही. "डाक्टर, थांबा जी!" एवढी हाक आली की मी मोटरसायकल थांबवतो. गेली पंचवीसेक वर्षं माझा अर्धा दवाखाना असा रस्त्यावरच चालत आला आहे. कोणाची गाय चारा खात नसते, कोणाच्या बकरीचं पोट फुगलेलं असतं, तर कोणाला नुसतंच सांगायचं असतं की मागच्या औषधानं बैल बरा झाला. ते सांगायलाही माणूस दहा मिनिटं घेतो आणि मलाही ते ऐकायला आवडतं, खोटं कशाला बोलू.

आमच्याकडे ओळखीचा माणूस दिसला आणि राम राम घातला नाही, तर तो सरळसरळ अपमान धरला जातो. गाडीवर असाल तर वेग कमी करायचा, डावा हात उचलायचा आणि मान थोडी लववायची. वेग कमी न करता घातलेला राम राम अर्धाच मोजतात. मी या बाबतीत पक्का होतो. धानाच्या बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, वाकलेल्या माणसालाही मी पाठीवरून ओळखून राम राम घालत असे.

मग माझ्या डोक्यात हेल्मेट आलं.

ते आणलं माझ्या मुलीनं. ती भंडाऱ्याला एका दवाखान्यात नर्स आहे. पहिला पगार झाला तेव्हा तिनं आईला साडी आणली आणि मला हे. काळंकुळकुळीत, हनुवटीपर्यंत डोकं गिळणारं, पुढे काळी काच. मी म्हटलं, "हे कायले? भंडाऱ्याले गेलो का घालीन. तिथं पोलीस असतात." आमच्याकडे हेल्मेटचा संबंध पोलिसांशीच. गावात एखाद्याकडे असलंच, तर भंडारा-नागपूरला जाणारा ते मागून नेतो आणि परत आल्यावर धान्याच्या कोठीवर ठेवून देतो.

मुलगी म्हणाली, "पोलिसासाठी नाई आणलं बाबा. मी रोज पाहून राहिली तिथं." काय पाहते ते तिनं सांगितलं नाही आणि तिचा चेहरा पाहून मीही विचारलं नाही. तिनं माझ्याकडून शब्द घेतला. गाडीला किक मारण्याआधी हेल्मेट डोक्यात, मग रस्ता अड्याळच्या बाजारापर्यंतचा का असेना.

पहिले काही दिवस मी अगदी वैतागलो. घाम कानात उतरायचा, स्वतःचाच श्वास ऐकू यायचा, वर लोकांची थट्टा. पाणवठ्यावरच्या एका म्हातारीनं विचारलं, "डाक्टर, गुंड उलटा घालून कुठं चालले?" गुंड म्हणजे आमच्याकडचा पाण्याचा पितळी हंडा. मलाही हसू आलं, पण ते बाहेर कोणाला दिसलं नाही. तीच तर खरी भानगड होती. माझ्या धंद्यात चेहरा म्हणजे दुकानाची पाटी, आणि पाटीवर पडदा पडला होता. रस्त्यात मला कोणी थांबवेना. मी संध्याकाळी लवकर घरी पोचू लागलो. बायको खूश झाली आणि मला करमेनासं झालं.

हळूहळू सवय झाली. काच वर करून चालवायला लागलो, गाव आलं की वेग कमी करू लागलो. लोकही हेल्मेट ओळखू लागले. सगळं बसत आलं होतं, आणि नेमकी तेव्हाच मुलीच्या लग्नाची गोष्ट निघाली.

स्थळ माझ्या मेव्हण्यानं, म्हणजे बायकोच्या मोठ्या भावानं आणलं होतं. आसगावचं घर. धानाची शेती, तीन भाऊ एकत्र, थोरल्याचा मुलगा शिकलेला आणि पवनीला नोकरीवर. मंडळी आमच्याकडे येऊन मुलगी पाहून गेली. मुलगा-मुलगी अंगणात तासभर बोलली. मी मुलीला विचारलं, "कसा वाटला?" ती म्हणाली, "बरा आहे." आता 'बरा आहे' यातून बापानं काय समजायचं? तिकडून होकार आला की साक्षगंधाची, म्हणजे साखरपुड्याची, तारीख काढायची, एवढंच बाकी होतं.

त्या होकाराची वाट पाहत असतानाच एका सकाळी फोन आला. आसगावच्या पुढे एकाची म्हैस अडली होती. रेडकू आत आडवं आलेलं. अशा वेळी मला दुसरं काही दिसत नाही. थंडी होती, म्हणून काच खाली ओढली आणि गाडी हाणली. आसगाव कधी मागे गेलं तेही कळलं नाही. तिथं पोचून कोपरापर्यंत हात घालून रेडकू सरळ केलं. दोन्ही जीव वाचले. रेडकू उभं राहायला धडपडताना पाहिलं की मी अजूनही लहान पोरासारखा खूश होतो. त्या खुशीत मी नदीकडच्या जवळच्या वाटेनं घरी आलो आणि पोटभर जेवलो.

तीन दिवसांनी मेव्हण्याचा फोन. "भाऊजी, काय करून ठेवलं तुमी?"

"काय केलं?"

"आसगाववाले म्हणते, पोरीचा बाप लय माजलेला आहे. आमाले अशा घरी सोयरीक नाई करायची."

मग सगळं कळलं. त्या सकाळी म्हशीच्या मालकानं फोन केला तेव्हा तो मुलाच्या वडिलांच्याच शेजारी उभा होता. डॉक्टर याच रस्त्यानं येणार म्हटल्यावर वडिलांनी दोन्ही भावांना बोलावलं, चहाच्या टपरीवर चार कप सांगितले आणि होणाऱ्या व्याह्याला चहा पाजायला तिघं रस्त्याच्या कडेला येऊन थांबले. मी आलो तसे तिघांनी हात जोडले, हाका मारल्या. मी मान न वळवता त्यांच्या अंगावर धूळ उडवून निघून गेलो. टपरीवरच्या लोकांनी सगळं पाहिलं. चौथा कप तसाच थंड झाला.

तो चौथा कप ऐकून माझा जीव कासावीस झाला. त्या माणसाच्या जागी मी असतो, तर मीही हेच म्हटलं असतं. स्वतःच्या भावांसमोर, स्वतःच्या गावात, जोडलेले हात तसेच खाली घ्यावे लागले होते त्यांना. आणि त्यापायी मोडत होतं माझ्या मुलीचं लग्न.

मी आसगावला जायचं ठरवलं. मुलीचा आठवडी सुट्टीचा दिवस होता, ती आदल्या दिवशीच घरी आली होती. बायकोनं मला बजावलं, "आज ते डोकशात घालू नोका. गावाच्या शिवेपासून तोंड दिसू द्या त्यायले." मला ते पटलं. हेल्मेट खुंटीलाच ठेवलं, स्वच्छ दुपट्टा उपरण्यासारखा खांद्यावर टाकला आणि गाडी बाहेर काढली.

मागून मुलगी हेल्मेट घेऊन आली.

"बाबा, हे राहिलं."

"आज नको. त्यायच्याच दारात जायचं आहे."

"दारापर्यंत रस्ता तर तोच आहे ना."

मी चिडलो. "अवं, याच्यापायी तुझं लगीन मोडून राहिलं. समजते का काही?"

"मोडलं तर मोडलं," ती म्हणाली. बस गेली तर गेली म्हणावं, तसं. आणि हेल्मेट माझ्या हातात देऊन आत निघून गेली. बायको कपाळाला हात लावून दारात उभी. मी तणतणत ते डोक्यात घातलं, पण खरं सांगायचं तर वाटेत मला थोडं हलकंही वाटलं. म्हटलं, पोरीला मुलगा फारसा आवडलेला दिसत नाही. उद्या नकार आलाच तर निदान तिच्या जिवाला लागणार नाही.

आसगावच्या त्या घरी पोचलो. थोरले, म्हणजे मुलाचे वडील, ओसरीवर बाजेवर बसले होते. "या," म्हणाले. नुसतं 'या', 'या जी' नाही. पाणी आलं. चहाचं नाव कोणी काढलं नाही. दोघे भाऊ येऊन खांबांना टेकून उभे राहिले.

मी हात जोडले. "चुकलं माझं. तुमी दिसले नाई अन् आवाजही नाई आला. म्हैस अडली होती, मी घाईत होतो."

"तिघांनी आवाज देल्ला," मधला भाऊ म्हणाला. "बैल असता तं वळला असता."

"याच्यात आयकू येत नाई जी."

 थोरल्यांना तो बहाणा वाटत होता हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं.  शेवटी मी हेल्मेटच त्यांच्यापुढे धरलं. "घालून पाहा."

त्यांनी ते हातात घेतलं, बाजारात कोहळा पारखावा तसं उलटसुलट करून पाहिलं आणि डोक्यावर चढवलं. अर्ध्यात कान अडकले. धाकट्या भावानं वरून दाबून कानांसकट गच्च बसवलं. काच आपोआपच खाली पडली. मग मधला भाऊ म्हणाला, "दादा, राम राम!" हेल्मेट हललं नाही. तो अंगणात जाऊन ओरडला, "दादा, राम राम घालून राहिलो जी!" हेल्मेट ओसरीच्या दुसऱ्या टोकाकडे पाहत शांत बसून होतं. एवढ्यात त्यांची बायको आतून आली आणि त्यांना विचारू लागली, "चहा ठेवू का?" एकदा विचारलं, दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा ती चिडून बोलली तेव्हा धाकटा खो-खो हसत सुटला. थोरल्यांना फक्त आमची उघडी तोंडं दिसत असावीत.

"काय झालं?" ते आतून ओरडले. हेल्मेटातला माणूस नेहमी ओरडून बोलतो, त्याला ते कळत नाही.

मी त्यांची काच वर केली आणि जवळ वाकलो.  त्यांनी विचारलं, "कोनं देल्लं हे?"

"पोरीनं. पहिल्या पगारात."

"आमी रागावलो हे मालूम असून आज घालून आले?"

"मी काढून ठेवलं होतं जी. तिनं घालून पाठवलं. म्हणे, लगीन मोडलं तर मोडलं."

बोलून गेलो आणि जीभ चावली. हे कशाला सांगायचं होतं? कोणत्या मुलाच्या बापाला असलं ऐकून बरं वाटेल?  थोरल्यांनी काच पुन्हा खाली ओढली आणि तसेच बसून राहिले. मला वाटलं, आता हेल्मेट काढतील, माझ्या हातात देतील आणि 'या आता' म्हणून वाटेला लावतील.

त्यांनी ते काढलंच नाही. आतूनच त्यांचा आवाज आला, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल एवढा. "चहा ठेव! बापाचं डोकं सांभाळते ते आपलंबी सांभाळन! हे पोट्टी आपल्या घरी आली पाहिजे!"

शेजारची बाई सूप घेऊन दारात आली. समोरच्या घरातली दोन माणसं बाहेर आली. घरातली बोलणी अशी चावडीवर गेल्याचं थोरल्यांना हेल्मेट काढल्यावर कळलं आणि ते लाजले. पण शब्द गेला होता. चहा आला, मग पोहे आले, मग पंचांग आलं.

परतताना लाखोरीच्या पिकानं हिरव्या झालेल्या बांध्यांपाशी मी गाडी थांबवली, हेल्मेट काढून आरशाला अडकवलं आणि मुलीला फोन लावला.

"पोचले का बाबा बरोबर?" तिनं आधी तेच विचारलं.

"पोचलो, निघालोही. साक्षगंधाची तारीख काढून राहिले ते."

  पलीकडून हुंदका ऐकू आला. आणि मग ती अशी रडायला लागली की मी घाबरलो. शाळेत असताना हात मोडला तेव्हाही ती अशी रडली नव्हती.

"अवं, काय झालं? तुले नाई पाहिजे का तो?"

"मले तो लय आवडते बाबा," ती रडतच म्हणाली. "पहिल्या दिवसापासून."

"मग मोडलं तर मोडलं काहून म्हणली?"

तिनं नाक पुसलं असावं. मग म्हणाली, "नवरा दुसरा भेटला असता. बाबा कुठून आणला असता मी?"

मी फोन कानाशी धरून रस्त्याच्या कडेला तसाच उभा राहिलो.

"बाबा, आयकून राहिले का?"

ऐकत होतो. हेल्मेट आरशालाच अडकवलेलं होतं.