आप्पांच्या वजनावर

जुई पिता पिता सुटते. ओठांत दुधाचा थेंब तसाच. भिंतीकडेला दोन उशांच्या मध्ये निजवून मी तिच्या नाकाशी बोट धरते आणि श्वास मोजते. एकवीस, बावीस. दुपारचे अडीच वाजलेत, पडद्याआड ऊन आहे, आणि उद्या सकाळी माझा नवरा अवधूत माळावर ते जायरोप्लेन हातभर उचलून बघणार आहे. हातभरच, असं तो म्हणतो.

जायरोप्लेन आप्पांचं, माझ्या वडिलांचं. डोक्यावर वाऱ्यानं फिरणारी पाती, एक खुर्ची, आणि खुर्चीच्या पाठीमागं जुन्या मोटारीचं इंजिन. ते इंजिन बसवून झालं आणि आठ दिवसांत आप्पा गेले. जुई तेव्हा पोटात होती. आता अवधूत म्हणतो, मामांचं राहिलेलं आपण पुरं करू. मला नको म्हणता येत नाही आणि हो म्हणवत नाही. सत्तावीस...

"काय गं प्रणे, झोपतीस का पहारा देतीस?"

आप्पा उद्यमनगरमधल्या त्यांच्या कामाच्या शेडच्या दारात उभे आहेत, कानावर पेन्सिल. मी पलंगावरून पाय सोडते तर खाली लोखंडाचा कीस. टोचत नाही, कोमट लागतो. जुई माझ्या कडेवर आहे. कधी घेतली, आठवत नाही.

"आप्पा, तुम्ही गेलायत ना?"

"गेलोय की. म्हणून काय नातीला बघायचं न्हाई?" ते हात पँटला पुसतात, परत पुसतात, आणि नुसतेच बघत राहतात. "वजन किती?"

"सहा किलो आठशे चाळीस."

"वरचे चाळीस लंगोटाचे असतील."

"लंगोट काढून केलंय."

"माझीच लेक," ते खूश होऊन म्हणतात.

शेडला मागची भिंत नाही. तिथं दवाखान्यातली लसीची खोली आहे. बाकांवर बाया बाळं घेऊन बसल्यात. छताला चेनपुली, आणि तिला जायरोप्लेन टांगलेलं, जमिनीपासून वीतभर वर, झोळीत घालून काट्याला लावलेल्या बाळासारखं. सिस्टर म्हणते, "पुढचा नंबर."

"टांगून बघितल्याबिगर उडवायचं न्हाई," आप्पा म्हणतात. "मोटारीचं इंजिन जड, मागं ओढतंय. बसणारा पुढं बसतोय, त्याच्या वजनानं तोल येतोय. नाक जरासं खालीच पाहिजे. शेपूट खाली गेलं की हवेत आवरत न्हाई."

ते खुर्चीत बसतात. साखळी कुरकुरते. नाक हलकेच खाली येतं, नमस्काराला मान लववावी तेवढं. पात्यांच्या खांबाला सोडलेला ओळंबा थरथरून थांबतो.

"बघितलंस? केसभर हिकडं न्हाई, तिकडं न्हाई."

"मग उद्या अवधूतला काही होणार नाही ना?"

आप्पा खुर्चीच्या कडेला हात टेकतात. उतरतात. "तू बस."

"मी? जुईला कोण घेणार?"

"दे हिकडं."

"मान सांभाळा."

"तुझी सांभाळलीया की."

मी बसते. खुर्ची मला ऐसपैस होते. आणि नाक वर उठायला लागतं. हळूहळू. पाठीमागं इंजिन खाली बसत जातं. समोर ट्यूबलाइट येते, मग छत, मग छताच्या जागी माळावरचं पांढरं आभाळ. मी दोन्ही हातांनी खुर्ची धरते.

"आप्पा, उतरवा मला!"

"वजन किती तुझं?" खालून आवाज येतो.

"छप्पन्न!"

"जावयाचं?"

"एकसष्ट."

"आणि माझं?"

"ब्याण्णव," मी म्हणते, आणि मला कळतं. इंजिन बसवल्यावर त्यांनी स्वतः खुर्चीत बसून तोल साधला होता. उद्या त्याच खुर्चीत एकतीस किलो कमी बसणार आहेत.

"दुसरं कोण उडवंल, हे ध्यानातच आलं न्हाई बघ," आप्पा ओशाळून म्हणतात. "मला वाटलं, मीच हाय की."

"डॉक्टर किती वेळा म्हणाले, वजन उतरवा."

"उतरवलं असतं तर सगळा तोल बिघडला असता."

मला रागवायचं असतं, जमत नाही. साखळी सुटते, मी जमिनीवर आहे.

"आता करायचं काय?"

"जिथनं टांगलंय त्या वरच्या पट्टीला सात भोकं हैत. बोल्ट तिसऱ्यात हाय. एकेक भोक मागं सरकवायचं आणि दर खेपेला जावयालाच बसवून टांगायचं. बूट, हेल्मेट, सगळ्यासकट. ओळंबा सांगंल तवा थांबायचं. तोवर माळावर न्यायचं न्हाई."

"तो हसेल मला."

"म्हणावं, आधी टांग, मग हस."

आता पडदा दिसतो, त्याच्यामागचं ऊन दिसतं. जुई आप्पांच्या खांद्यावर झोपलीय, सदऱ्यावर तिची लाळ.

"चांगली भरलीया गं पोरगी," ते म्हणतात. "दमलो. जरा टेकतो."

त्यांना जागा व्हावी म्हणून मी पाय आखडते, आणि जागी होते.

पाय आखडलेलेच आहेत. तशीच उशाचा फोन घेते. अवधूत शेडमध्येच आहे. उडवायच्या आधी टांगून बघ, म्हणते.

"टांगून बघितलंय गं ते मामांनी. परत कशाला?"

"तू बसून टांगलंय का?"

 मागं कुणीतरी कानस चालवतंय.

"नाही," तो म्हणतो. "मामाच बसलेले." आणि मग, "उद्याचं राहू दे. चेनपुली काढतो."

फोन ठेवून मी भिंतीकडे वळते. जुई तिथं नाही. दोन उशांच्या मध्ये निजवलेली, ती तिथं नाही. मी धडपडून उठते.

ती पायथ्याशी आहे. तिथं गादीत मोठा खळगा पडलाय, भरल्या अंगाच्या माणसानं बराच वेळ बसून नुकतंच उठावं तसा, आणि जुई त्याच्या तळाशी गाढ झोपलीय. मी तिला उचलून कुशीत घेते. मोकळ्या हातानं गादी खालून वर लोटून बघते, दोनदा, तीनदा. कापूस दबलेलाच राहतो.