रंगाप्रमाणे लावलेले इन्सर्ट

परदेशी ग्राहक वर्कशॉप पाहायला येणार म्हणून मॅनेजरसाहेबांनी टूल-रूम सजवली. त्या सजावटीचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

लेथवर धातू कापायचे आमचे नखाएवढे इन्सर्ट प्लास्टिकच्या डब्यांतून येतात. डब्यावर आकार, माप आणि ग्रेड लिहिलेली असते. ग्रेड म्हणजे तो पोलादासाठी आहे, ओतीव बिडासाठी की स्टेनलेससाठी. आकार डोळ्यांना दिसतो, माप मोजता येतं; ग्रेड मात्र आमच्याकडच्या बऱ्याच इन्सर्टवर छापलेलीच नसते. साहेबांनी डबे रिकामे करवले आणि इन्सर्ट काचेच्या झाकणाच्या ट्रेमध्ये रंगाप्रमाणे लावले. सोनेरी एकीकडे, काळे दुसरीकडे. मी हेब्बाळहून बस बदलत पोचलो तोवर डबे भंगारवाल्याच्या टेम्पोत चढले होते.

"सर, सोनेरी हा नुसता वरचा थर. आत काय आहे ते रंगावरून नाही कळत."

"फार पुस्तकी रे तू," ते हसले. "बघ तरी, सराफाचं दुकान वाटतंय!"

ग्राहकांनी ट्रेचे फोटो काढले. पुढच्याच आठवड्यात लेथवरच्या अक्कांनी त्यातला एक सोनेरी इन्सर्ट स्टेनलेसच्या शाफ्टसाठी लावला. अक्का बेळगावकडच्या, नोकरीत कायम व्हायला थोडेच दिवस राहिले होते. इन्सर्ट निघाला बिडाचा. कड तुटली, शाफ्टवर खोल चर पडला, अख्खा शाफ्ट वाया गेला.

साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "रिपोर्टमध्ये ऑपरेटरची चूक लिही. अजून कन्फर्म नाही झालेली ती. विषय संपला."

मी ट्रेमधले एकाच आकाराचे दोन सोनेरी इन्सर्ट त्यांच्या टेबलावर ठेवले. "यातला स्टेनलेसचा कुठला, सर? मला तरी सांगता येत नाही."

त्यांनी ते उलटसुलट करून पाहिले आणि बाजूला सारले. "घरातला पहिला ग्रॅज्युएट ना तू? दारात कोण उभं करत होतं तुला? मी नोकरी दिली ती हे ऐकायला?"

ते खरं होतं. रुजू झालो त्या दिवशी मी त्यांच्या पाया पडलो होतो, आणि मनापासून पडलो होतो. आमच्या तालुक्याच्या शाळेत सुट्टीच्या दिवशी बोलावून ड्रॉइंग शिकवणारे गुरुजी, माझी फी भरता यावी म्हणून शिवणकाम धरलेली बहीण, आणि हे साहेब; यांचे उपकार मी रोज आठवतो. पण उपकार माझ्यावर होते. त्यांची फेड अक्कांच्या नोकरीने करायची?

मी खरं कारण लिहिलं: डबे टाकल्यामुळे ग्रेड ओळखता येत नाही, निर्णय मॅनेजरांचा. सही केली आणि रिपोर्ट थेट मालकांकडे नेला. त्यांनी तो वाचला, मग खणातून दुसरा कागद काढून माझ्यापुढे सरकवला. त्यावर लिहिलं होतं, ‘चूक माझीच’, आणि खाली अक्कांची सही.

"बाई स्वतः कबूल करतात. तुम्हाला काय अडचण आहे?"

मी धावतच शॉपवर गेलो. अक्का जेवणाचा डबा पिशवीत भरत होत्या.

"अक्का, सही का केलीत?"

"साहेब म्हणाले, नुसतं फाइलला लागतं."

"चूक तुमची नव्हती हो!"

"असं कसं, सर? इतकं नीट लावून ठेवलं होतं की सगळं. घेताना मीच स्वल्प बघायला पाहिजे होतं."

काय बघायला पाहिजे होतं? बघण्यासारखं होतं ते सगळं भंगारात गेलं होतं. मी हे त्यांना गेटपर्यंत सांगत राहिलो, मोठमोठ्याने. त्या मान हलवत होत्या, पण त्यांना ते पटलं नाही.