काकांच्या बोटाला न पोचणारा चाप

हे मी ताईलाही सांगितलेलं नाही. आणि ताईला मी सगळं सांगतो — पोट बिघडलं, कुणी बोललं, कुणाशी वाजलं, सगळं. हे मात्र नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही काकांना ओळखत नाही.

काका म्हणजे ताईचे शेजारी. मूळचे नागपूरचे, लहान मुलांचे डॉक्टर, आता रिटायर झालेले. इथे अमेरिकेत, आमच्या नोव्हाय गावातल्या मराठी घरांतली किती पोरं त्यांच्या हाताखालून गेली असतील! काकू गेल्यापासून त्या मोठ्या घरात एकटेच असतात. मी नववीतून शाळा सोडलेला माणूस. ताईने कागद केले म्हणून इथे आलो. समोरचा भराभर इंग्रजी बोलायला लागला की मी अजून नुसती मान हलवतो. काकांनी मला गाडी शिकवली, त्यांच्याच ओळखीने मसाल्यांच्या गोदामात काम मिळालं. माझा थंडीचा कोट त्यांचा, माझी गाडी त्यांची जुनी. त्यांची एक रीतच आहे — एखादी वस्तू वापरात राहिली नाही की विकायची नाही, मला हाक मारायची. "दिनू, हे घेऊन जा रे."

ही रीत मला चांगली पाठ होती. तिथेच तर सगळं आहे.

काकूंच्या मागे काकांना रिव्हॉल्व्हरच्या स्पर्धांचा नाद लागला. गावाबाहेरच्या क्लबात रविवारी असतात. बीप वाजला की कमरेचं रिव्हॉल्व्हर काढायचं, लोखंडी पाट्या पाडत पुढे सरकायचं, मधेच गोळ्या संपल्या की भरायच्या — आणि घड्याळ चालूच. बहुतेक लोक पिस्तूल आणतात, त्यात गोळ्या जास्त बसतात. काका म्हणायचे, रिव्हॉल्व्हर लवकर रिकामं होतं म्हणून माणूस विचार करून उडवतो. जन्मभर पोरांना टोचलं, आता पाट्यांना टोचतोय, हा त्यांचा ठरलेला विनोद. क्लबातले गोरे म्हातारे दर वेळी हसायचे, आणि काकाही. काकू गेल्यावर त्यांना हसताना मी तिथेच पाहिलं. मी नुसता सोबतीला जायचो. मग त्यांच्याच रिव्हॉल्व्हरने मलाही जमायला लागलं — चांगलं जमायला लागलं. मला कधी काही चांगलं जमलं होतं का?

जुनं रिव्हॉल्व्हर झिजलं, तेव्हा नवं घ्यायला आम्ही दोघं गेलो. दुकानदाराने काउंटरवर दोन ठेवली. एक बारीक मुठीचं, सहा गोळ्यांचं. काकांनी उचललं आणि — मला स्पष्ट दिसलं — ते त्यांच्या हातात बसलं. त्यांचे हात लहान आहेत, तान्ह्या पोरांना तपासणाऱ्या माणसाचे असावेत तसे. दुसरं आठ गोळ्यांचं, जड, जाड मुठीचं. ते मी उचललं. काय सांगू? कुणीतरी माझा हात हातात घ्यावा, तसं वाटलं.

काका म्हणाले, "बोल. तू सांगशील ते घेऊ. तुझा हात आता माझ्यापेक्षा बरा आहे."

आठवालं घ्या, म्हणालो. दोन गोळ्या जास्त, भरायला थांबणं कमी, जड आहे म्हणून उसळणार कमी. यातलं काहीच खोटं नव्हतं. पण मनात? मनात एवढंच होतं — काकांना हे झेपणार नाही. कंटाळतील. मग हाक येईल.

अजून आहे. काकांनी आठवालं हातात धरून पाहिलं, मग गाडीत राहिलेलं लायसन्स आणायला बाहेर गेले. तेवढ्यात दुकानदार मला हळूच म्हणाला की त्यांचं बोट चापाला नीट पोचत नाहीये, बारीक मूठ लावून घ्या, एक स्क्रू काढायचा, बस. मला कळलं नाही असं म्हणायची सोय होती, पण कळलं. सांगतो म्हणालो. काका आत आले. मी काचेखालच्या चामडी पट्ट्यांकडे बघत राहिलो.

त्या उन्हाळ्यात काकांच्या पाट्या उभ्याच राहायला लागल्या. बोटाचं नुसतं टोक चापावर, ओढताना नळी बाजूला जायची. घरी ते रबरी चेंडू दाबत बसायचे. एका रविवारी परत येताना गाडीत त्यांनी विचारलं, "दिनू, त्यात काही बदल करता येईल का रे? की माझंच काही?"

मूठ बदलू या, काका — एवढंच म्हणायचं होतं ना?

"रिव्हॉल्व्हर चांगलंय, काका. सवय होईल."

ते बराच वेळ हाताची बोटं उघडत मिटत राहिले. मग म्हणाले, "मी डॉक्टर आहे, मला कळतं. सांधे गेले माझे."

थंडी पडायच्या आत हाक आली. दिनू, हे घेऊन जा रे. कागदपत्रंसुद्धा त्यांनीच रीतसर करून दिली. वर म्हणाले, माझ्या हातांनी दगा दिला, तू तरी चालव.

आता मी ते चालवतो. माझं नाव वरच्या लोकांत येतं. काका घडीची खुर्ची घेऊन मागे बसतात, टाळ्या वाजवतात, शेजारच्या म्हाताऱ्याला सांगतात की हा आमचा मुलगा. ती बारीक मूठ आजही मिळते. मी आणलेली नाही.

ताईला आता बाळ झालंय. इतक्या पोरांना एका हातात तोलणारे काका त्याला उचलत नाहीत — नको, म्हणतात, माझ्या हातांचा भरवसा नाही. मग मीच बाळाला त्यांच्या मांडीवर ठेवतो आणि खाली हात धरून वाकून उभा राहतो. "सोडू नकोस हं," काका म्हणतात. मी सोडत नाही.