भाकरी सोडलेला ड्रायव्हर

बाईनं नवऱ्याचं नाव घेऊ न्हाई म्हणत्यात. पर ही गोष्ट सांगायची तर घ्यावंच लागंल. आमच्या मालकांचं नाव लालासाहेब. पलटणीत ट्रक चालवायचे. पेन्शन घेऊन शिराळ्याला आले आन् ट्रॅक्टर घेतला. उसाच्या दोन ट्रॉल्या जोडून उताराला असे येत्यात, की जाणारा-येणारा थांबून बघतो. त्या स्टेअरिंगवर त्यांचा जीव. ते हातातनं गेलं तर माणूस बसल्या जागी वाळंल, हे मला पक्कं ठाऊक हुतं.

औंदा रक्तात साखर निघाली. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या, खाणं सांभाळा म्हणाल्या. ह्यांनी मोबाईलमधी कुठंतरी बघितलं, भाकरीची पोटात साखर हुतीया. झालं! हुकूम सुटला. भाकरी बंद, भात बंद, नुसती अंडी आन् कोंबडी. जलमभर माझ्या हातची ज्वारीची भाकरी खाल्ली आन् आता ताटातनं बाजूला सारली. मला लय लागलं. भांडी आपटली.

आन् काकवी? ती चालूच. उसाची गाडी घेऊन गुऱ्हाळावर गेलं, की रस आटवून केलेली ती गरम काकवी वाटीभर हातात येती. दिलेली वाटी परत करायची न्हाई, ही आमच्याकडची रीत. केली तर मालाला नाव ठेवल्यासारखं हुतंय. वर ह्यांचं म्हणणं, गूळ-काकवी म्हंजे घरचं औषध, ती काय साखर हाय व्हय? आजार रेड्याला आन् औषध पखालीला, दुसरं काय!

एका दुपारी ह्यांच्या जुन्या दोस्ताच्या, नानासोच्या गुऱ्हाळाच्या वळणावर ह्यांच्या डोळ्यांपुढं अंधारी आली आन् ट्रॅक्टर चरीत गेला. जीव वाचला, देवाची किरपा. नानासोनं काकवी पाजली, तशी तरतरी आली. घरी येऊन मलाच सांगत्यात, बघ, काकवीनंच वाचवलं. मी ट्रॅक्टरची चावी काढून घेतली आन् कनवटीला खोचली. लय दिस माझ्याशी धड बोलले न्हाईत. बोलू नका म्हटलं, जित्ते तरी ऱ्हावा.

मग दवाखान्यात नेलं. तिथं छाती काढून सांगत्यात, भाकरीला शिवलो न्हाई म्हणून. मी काकवीचं सांगून टाकलं. ह्यांनी डोळं वटारलं, मी बी वटारलं. डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं. गोळी साखर उतरवती. पोटात भाकरी नसली, की ती नको तितकी उतरती आन् घेरी येती. घेरी आली तर गोड घ्यायचंच, तेवढ्यापुरतं. पर एरवी वाटीभर काकवी पोटात गेली, की साखर एकदम चढती. भाकरीची बी साखरच हुती, पर उसळ आन् पालेभाजीसंगं खाल्ली तर सावकाश. म्हणून भाकरी सोडायची न्हाई, मापात आन् वेळंवर खायाची. साखर ठिकाणावर येईस्तवर गाडी बंद.

ह्यांनी ऐकलं. पलटणीचा माणूस, एकदा पटलं की पटलं. पुढं बाईंनी तपासून गाडीला परवानगी दिली. पर मी चावी सोडली न्हाई. काकवीची वाटी पुढं आल्यावर हा माणूस काय करतोय, ते मला बघायचं हुतं.

दोघं नानासोच्या गुऱ्हाळावर गेलो. चार माणसं बसलेली. नानासोनं वाटी पुढं केली. ह्यांनी ती दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावली आन् परत दिली.

"नानासो, रीत मोडतोय, राग मानू नका. पर मला अजून लय वर्सं तुमचा ऊस वढायचा हाय."

नानासोचं तोंड उतरलं. मला वाटलं, आता मोडतंय जलमाचं नातं. ह्यांनी निवांत फडकं सोडलं. भाकरी, मटकीची उसळ, मेथी. नानासोनं वाटी बाजूला ठेवली. मग शेजारी बसला आन् ह्यांच्या भाकरीचा कोर मोडून तोंडात घातला.

माझं डोळं भरून आलं. कनवटीची चावी सोडली आन् फडक्यावर ठेवली.

ह्यांनी चावीकडं बघितलं बी न्हाई. आधी भाकरी संपवली.