मोहरीर सरांच्या कोडची वाटणी

एका ऑफिसात बारा वर्षं काढली की किस्से जमवावे लागत नाहीत, ते पायात येतात. घरी चार लोक आले की नवराच सुरू करतो, "अगं, ते लायब्ररीवालं सांग ना!" तर सांगते.

घमापुरात आमची छोटी सॉफ्टवेअर कंपनी आहे. डाळ मिलमध्ये पोती तोलतात, त्यांवर स्टिकर लागतं, ते सगळं चालवणारा प्रोग्राम आमचा. चालायचा मात्र फक्त विंडोजच्या कम्प्युटरवर. रिछाईचे राऊतजी आमचे सगळ्यात मोठे ग्राहक. ते एक दिवस म्हणाले, "मला हे टॅबलेटवर पाहिजे. दिवाळीच्या आत. नाही तर नागपूरवाले तयारच बसले आहेत!"

पंचाईत अशी की कोड वीस वर्षांचा, आणि जिथे तिथे थेट विंडोजशी बोलणारा. वेळ विचारायची, विंडोजला. फाइल ठेवायची, विंडोजला. प्रिंटर, वजनकाटा, सगळं विंडोज! मग ठरलं की मशीनशी बोलणारी ही कामं उपटून एका वेगळ्या लायब्ररीत, म्हणजे कोडच्याच एका स्वतंत्र गठ्ठ्यात, ठेवायची. बाकीच्या कोडने फक्त लायब्ररीला विचारायचं. खाली विंडोज आहे की टॅबलेट, ते त्याला कळायलाच नको.

*

आमचे मालक दुबेजी. त्यांनी राऊतजींना फोनवर थोडक्यात सांगितलं, "चिंता मत कीजिए, हम अलग से लाइब्रेरी बना रहे हैं."

तिसऱ्या दिवशी ऑफिससमोर टेम्पोतून दोन गोण्या उतरल्या. आत पुस्तकं! आरोग्याची, स्वयंपाकाची, आठवीचा भूगोल. वर राऊतजींची चिठ्ठी: "चांगलं काम करून राहिले. आमचाही हातभार."

दुबेजींनी पुस्तकं परत नाही पाठवली. कपाट आणलं!

*

हा सगळा कोड मूळचा मोहरीर सरांचा. राहायला दीक्षितपुऱ्यात, निवृत्तीला सहा महिने उरलेले. त्यांना हे काम अजिबात पटलं नव्हतं. मी पहिली फाइल हलवली तेव्हा हाताची घडी घालून माझ्या मागे उभे होते.

"वीस वर्षं एका घरात नांदून राहिले होते सगळे. काहून वाटण्या करता?"

हसूनच बोलले, पण त्या दिवशी आमच्याबरोबर चहाला आले नाहीत. मला दिवसभर चैन पडलं नाही.

*

माझ्याबरोबर हे काम करायला होती पूजा. ती हिंदी घरातली, पण सरांकडून हौसेने मराठी शिकून राहिली होती.

स्टिकर छापल्यावर प्रोग्रामने दोन सेकंद नुसतंच थांबायचं, असं कोडमध्ये एके ठिकाणी होतं. बाजूला सरांची ओळ: "यास हात लावू नये." आम्ही दोघींनी दोन दिवस डोकं खपवलं. प्रिंटर सुस्त आहे? विंडोजचा दोष आहे? शेवटी सरांनाच विचारलं.

"प्रिंटरचं काही नाही त्यात. मिलमध्ये गुड्डू भैया आहे ना, त्याला स्टिकर फाडून पोत्यावर लावायला दोन सेकंद लागतात."

पूजाने अगदी गंभीरपणे विचारलं, "सर, फिर गुड्डू भैया को कौन सी लाइब्रेरी में डालें?"

*

पुढे आम्ही एक नियम केला. लायब्ररीबाहेर कोणी थेट विंडोजला हात लावला की प्रोग्राम तयारच होणार नाही, स्क्रीनवर लाल ओळ येईल. ती ओळ पूजाने मराठीत लिहिली: "काहून विंडोजला हात लावून राहिले?"

पहिले सापडले मोहरीर सर! ते उठून पूजाच्या टेबलाशी गेले.

"पूजा बेटा, मोठ्या माणसाशी असं बोलतात का?"

तिने लगेच कीबोर्ड पुढे ओढला.

दुसऱ्या दिवशी मी सापडले. लाल ओळ आली: "काहून विंडोजला हात लावून राहिले जी?"

*

दिवाळीला आठवडा असताना टॅबलेट घेऊन आम्ही चौघं रिछाईला गेलो. राऊतजी स्वतः समोर उभे. काट्यावर पोतं ठेवलं. टॅबलेटवर शून्य. दुसरं पोतं ठेवलं. शून्य! ऑफिसातल्या काट्यावर सगळं नीट चाललं होतं. दुबेजी घाम पुसून राहिले, राऊतजी घड्याळ पाहून राहिले, आणि मी टॅबलेट बंद-चालू करून राहिले.

सर तोवर मागे खुर्चीवर बसले होते. ते उठले, काट्याजवळ वाकले.

"हा जुना काटा आहे. याला आधी हाक मारावी लागते, मग वजन देतो. माझी एक ओळ होती त्यासाठी."

"ती फालतू समजून मीच काढली, सर," मी म्हटलं.

"चलो, टाक परत. पण लायब्ररीत टाक हो, बाहेर नको!"

पूजाने लॅपटॉप मांडीवर घेतला आणि तिथेच ओळ लिहिली. टॅबलेटवर प्रोग्राम नव्याने चढवला. पोतं ठेवलं. तीस किलो दोनशे ग्रॅम!

राऊतजी खूश. चहा आला. आम्ही दोघींनी काय काय केलं ते दुबेजी रंगवून सांगू लागले. सगळं ऐकून राऊतजी सरांकडे वळले, "अच्छा, आणि मोहरीरजी, यात तुम्ही काय केलं?"

सरांनी बशीत चहा ओतला.

"मी? मी वीस वर्षं सगळं एकत्र करून ठेवलं. नाही तर या पोरींना वेगळं काढायला काय मिळालं असतं?"